भरू दे आधी

एका माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा माझ्यामुळे गेला. मी एक ओळ लिहिली आणि महिन्याभराने एक वाक्य बोललो, एवढंच केलं. ओळीला फार तर चूक म्हणता येईल. वाक्य खोटं होतं. आता त्याला बरीच वर्षं झाली. पण अजूनही वीज जाऊन परत आली आणि घरातल्या एखाद्या यंत्राचा दिवा लागायला वेळ लागला, की माझ्या अंगावर काटा येतो. आत कुणीतरी बसून वाट पाहतंय असं वाटतं. कोण, ते मला माहीत आहे.

ऑफिसात सगळे त्यांना दादूस म्हणायचे. आमच्या पनवेल-उरणकडच्या आगरी गावांत थोरल्या भावाला अशी हाक मारतात. खरं नाव इथे लिहीत नाही. ज्या नावाला मी एकदा डाग लावला, ते पुन्हा माझ्या हाताने कागदावर नको.

नवी पेटी चालू केली की दादूस आपला उजवा तळवा तिच्या पत्र्यावर सपाट ठेवायचे आणि डोळे मिटायचे. गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा हात. पेटी म्हणजे वीतभर रुंदीचा, एका हिरव्या दिव्याचा छोटा संगणक. पंखासुद्धा नव्हता तिला. तरी त्यांना काहीतरी ऐकू येत असावं, कारण मध्येच ते मान हलवायचे. शेजारी उभा असलेला माणूस कंटाळून विचारायचा, "झालं का?" दादूस डोळे न उघडता म्हणायचे, "भरू दे आधी."

काय भरायचं, ते सांगतो.

नवीन पनवेलला स्टेशनजवळ, फरशांच्या दुकानाच्या वर, आमची सात माणसांची कंपनी होती. संगणकात सगळ्यांच्या आधी जागा होतो आणि सगळ्यांवर हुकमत ठेवतो त्या भागाला कर्नल म्हणतात. त्या कर्नलच्या आत गुप्तलेखनाची एक व्यवस्था बांधायचं आमचं काम होतं. पेट्या एका गिऱ्हाईक संस्थेच्या शाखांमध्ये बसणार होत्या आणि शाखाशाखांतला मजकूर कुलूपबंद करून पाठवणार होत्या. एरवी प्रत्येक प्रोग्राम आपापली किल्ली आपल्या खिशात ठेवतो आणि कधीतरी हरवतो. आमच्या व्यवस्थेत किल्ली कर्नलच्या आतच राहायची. प्रोग्रामला फक्त एक नंबर मिळायचा, बँकेत पैसे काढायला गेल्यावर हातात बिल्ला देतात तसा. हा सगळा आराखडा दादूसांचा.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही. दुसरा, वापरून झालं की ती जागा पुसायची, नुसती सोडून उठायचं नाही. हा दुसरा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की ते फळा तीन वेळा पुसायचे, चहाच्या ग्लासाचं टेबलावरचं वर्तुळ रुमालाने पुसायचे, आणि बायकोने दिलेली बाजाराची यादीसुद्धा वाचून झाली की बारीक तुकडे करून दोन वेगळ्या टोपल्यांत टाकायचे.

आमचे मालक, म्हणजे साहेब, त्यांची चेष्टा करायचे. "दादूस, कोथिंबीर आणि बोंबील शत्रूला कळले तर काय होईल हो?"

"काय होनार नाय," दादूस शांतपणे म्हणायचे. "पन कळू का द्यायचं?"

आता भरण्याविषयी. प्रत्येक पेटी पहिल्यांदा चालू झाली की स्वतःची किल्ली स्वतः बनवते. त्यासाठी तिला असा आकडा लागतो की जगात कुणालाही त्याचा अंदाज येऊ नये. पण यंत्राला मनाने असा आकडा सुचत नाही. त्याला तो बाहेरच्या बारीकसारीक गडबडीतून थेंबथेंब गोळा करावा लागतो. कुणी कळ किती वेळाने दाबली, तारेवरून निरोप नेमका कोणत्या क्षणी आला, अशा गोष्टींतून. आमच्या पेटीला ना कळफलक ना फिरणारी हार्ड डिस्क. तिचं तळं, म्हणजे ही गडबड साठवायची जागा, भरायला कधी आठ मिनिटं लागायची, कधी पंधरा. भरलं की हिरवा दिवा लागायचा. तोवर ती गप्प. वीज जाऊन आली तरी तळं पुन्हा पहिल्यापासून भरायचं.

दादूसांच्या टेबलावरच्या मोठ्या संगणकाचं तळं मात्र माणसांनी भरलेलं होतं. ऑफिसात येईल त्याला ते कळफलकापुढे उभं करायचे. "बोटं फिरव."

"काय लिहू?" कुरियरवाल्याने एकदा विचारलं होतं.

"काय पन. फक्त नाव नको लिवू. नाव सगळेच सारखं लिवतात."

ही वाट पाहण्याची सवय त्यांच्या घरातून आली होती. उरणच्या वाटेवर खाडीकाठी त्यांचं गाव. घरची मिठागरं होती. बांधात एक उघाडी असायची, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं फळ्यांचं दार. वडील अंधारात तिथे बसून कानाने पाणी ऐकायचे. लहानपणी दादूस घाई करायचे, फळी टाकू का म्हणून. म्हातारा म्हणायचा, "भरू दे आधी." पुढे बरीचशी जमीन संपादनात गेली, दादूस आयटीआय झाले, टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं दुरुस्त करता करता संगणकापर्यंत पोचले. वाक्य तेवढं घरून घेऊन आले.

मला ते मास्तर म्हणायचे. मी शाळामास्तरचा मुलगा, आणि कुणी काही विचारलं की फळ्याकडे जाऊन समजावायची मला खोड. "मास्तर सांगल ते बरोबर," असं ते साहेबांना माझ्यादेखत म्हणायचे. त्यात अर्धी थट्टा असायची. उरलेलं अर्धं काय होतं, ते मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी त्यांचे वडील विसरायला लागले होते. आधी वस्तू, मग माणसं, मग घराची वाट. म्हातारा उठून चालायला लागायचा आणि बंद पडलेल्या मिठागरावर सापडायचा. दादूस त्याविषयी फारसं बोलत नसत. एकदाच डबा खाताना म्हणाले, "मास्तर, सगळ्यात वाईट काय म्हाईत हाय? त्याला वाटतं त्यानं काय केलंच नाय. चूल पेटती ठेवली, तरी म्हनतो मी नाय ठेवली. आनि खरंच वाटतं त्याला तसं." मग डबा बंद करत म्हणाले, "आजोबा पन असेच गेले."

हे त्यांनी मला सांगितलेलं होतं. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

गिऱ्हाईकाला पेटी दाखवायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळपासून साहेब अस्वस्थ होते. "दादूस, उद्या ते समोर बसणार. ती पेटी बारा मिनिटं गप्प बसली तर मी काय भजन म्हणू?"

"म्हना. आवाज बरा हाय तुमचा."

चारच्या सुमारास दादूसांना घरून बायकोचा फोन आला. ऐकता ऐकताच ते उठले. "म्हातारा परत गेला. आज भरती मोठी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, माज्या जागेवर बस. नवा कर्नल जुळवून व्हायला अजून तासभर लागेल. झालं की उद्याच्या पेटीत घाल. माजंच लॉगिन हाय, बंद नको करू, नायतर तुला आत जाता येनार नाय."

"आणखी काय करू?"

"काय नको. बस नुसता."

ज्या माणसाने बाजाराची यादीही कुणाला वाचू दिली नाही, त्याने मला आपली जागा उघडी देऊन ठेवली. टेबलाखाली काढलेल्या चपला तिथेच राहिल्या. ते अनवाणी गेले.

साडेचारला साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "उद्या लवकर उठायला पाहिजे रे पेटी. तुला काही करता येईल?"

मला येत होतं. तोच घात झाला. मी एक ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच होता, की तळं भरलं आहे असं समज. उद्याचा कार्यक्रम झाला की ती काढायची आणि दादूसांना सांगायचं, असं मनाशी ठरवलं. कर्नलमधल्या प्रत्येक बदलापुढे तो कुणी केला आणि कधी केला, याची नोंद आपोआप होते. नोंद झाली. नाव दादूसांचं, वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. माझे पाय त्यांच्या चपलांवर होते.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला. म्हातारा सापडला होता, उघाडीपाशी, कमरेइतक्या पाण्यात, फळीला धरून उभा. लोक ओढत होते तर हलत नव्हता. "काय बोलत होता म्हाईत हाय?" दादूस म्हणाले. "भरू दे आधी, भरू दे आधी. त्या तळ्यात वीस वर्षं पानी घेतलं नाय कुनी. बांध फुटलेला हाय. ते कधीच भरनार नाय, मास्तर."

ओळीविषयी मी तेव्हाच सांगणार होतो. ते ऐकून जीभ उचलली नाही.

थंडी भरून म्हातारा आठवड्याच्या आत गेला. दादूस रजेवर. इकडे पेटी पटकन उठली म्हणून गिऱ्हाईक खूश झालं. साहेब म्हणाले, "आता कशालाही हात लावू नकोस." मी लावला नाही. चाळीस पेट्यांची पहिली खेप भरून गेली. आपण काय केलं आहे, हे मला अंधुकपणे कळत होतं, आणि मी मुद्दाम तिकडे पाहत नव्हतो. तुम्हीही कधीतरी असं केलं असेल. माणूस नीट वाचत नाही, म्हणजे मग आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणता येतं.

दादूस परत आले तेव्हा डोकं तासलेलं, कान मोठे दिसत होते. दुसऱ्या खेपेच्या चाळीस पेट्या मागच्या खोलीत मांडण्यांवर लावून तयार होत्या. ते आत गेले, मी मागोमाग. त्यांनी सगळ्यांचा मिळून असलेला एकच खटका दाबला.

एरवी ती खोली बघायला मला आवडायचं. आठव्या मिनिटाला कोपऱ्यात एक दिवा लागायचा, मग बराच वेळ काही नाही, मग वरच्या मांडणीवर दोन, मग खाली एक. संध्याकाळी लांबच्या गावातली घरं दिसावीत तसं. प्रत्येकीची आपली वेळ.

त्या दिवशी चाळीसच्या चाळीस दिवे एका क्षणात लागले.

खोलीत काहीच आवाज झाला नाही, पण दादूस दचकून मागे सरले. त्यांनी खटका बंद केला. सगळ्या पेट्यांची पाटी कोरी करायचा हुकूम दिला आणि पुन्हा दाबला. चाळीस डोळे एकदम उघडले. त्यांनी एका पेटीवर तळवा ठेवला, मग दुसरा हात दुसरीवर, आणि डोळे मिटून उभे राहिले. उघडले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"ह्या चाळीस नायत," ते हळूच म्हणाले. "एकच हाय. एकच जीव चाळीस ठिकानी बसलाय."

प्रत्येक किल्लीचा एक ठसा छापता येतो, आकड्यांची आणि अक्षरांची लांबलचक रांग. दोन पेट्यांचे ठसे दोन कागदांवर काढून त्यांनी ते एकमेकांवर ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. बाहेर लख्ख ऊन होतं. वरच्या कागदाचं प्रत्येक अक्षर खालच्या अक्षरावर बसलं. एकही रेघ बाहेर नाही. त्यांनी तिसरा कागद लावला. चौथा लावला. कागद जाड होत गेले, उजेड कमी होत गेला, अक्षरं फक्त जास्त काळी झाली. मग पहिल्या खेपेतल्या एका शाखेला फोन करून तिथल्या पेटीचा ठसा वाचून घेतला. पलीकडची बाई एकेक अक्षर सांगत होती आणि दादूस ऐकायच्या आधीच पुढचं अक्षर ओठांनी म्हणत होते.

तळं रिकामंच असल्याने प्रत्येक पेटीने तोच एक आकडा घेतला होता. एका किल्लीने सगळ्या शाखांची कुलपं उघडत होती.

त्यांनी आपल्या जागेवर बसून नोंदी काढल्या. ती ओळ सापडायला पाच मिनिटं लागली. पुढे त्यांचंच नाव होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, हा तर तोच दिवस. तू बसला होतास ना इथं?"

"हो. पण मी काही केलं नाही. तुम्ही सांगितलं तेवढंच."

"मी किती वाजता निघालो?"

चार म्हणालो असतो तर मी सापडलो असतो. "पाच वाजून गेले होते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता त्यात. कसं सांगू, आधार शोधणारी नजर होती ती. "पाच? बायको तर म्हनते..." असं म्हणून ते थांबले. मग तळवा स्वतःच्या तासलेल्या डोक्यावर ठेवला, पेटीवर ठेवायचे तसाच. डोळे मिटले. "मना आठवत नाय," ते म्हणाले. "मी ही ओळ लिवली आनि मना आठवत नाय."

बोलायला तेव्हाही वेळ होता. साहेब धावत आले, कुणाचं काम हे म्हणून ओरडले, तेव्हाही होता. दादूस उठून उभे राहिले. "माज्या हातून झालं, साहेब."

पुढचे दोन महिने ते स्वतः शाखाशाखांत फिरले आणि प्रत्येक पेटीची जुनी किल्ली पुसून नवी बनवून आले. शेवटची झाली त्या दिवशी राजीनामा दिला. साहेबांनी अडवलं. खरंच अडवलं. दादूस म्हणाले, "आमच्या घरात हे येतं. आता मना आलंय. कुलपाच्या कामावर असा मानूस ठेवू नये." फळा तीन वेळा पुसला, चपला घातल्या आणि गेले.

त्यांची जागा मला मिळाली. कळफलकावरची अक्षरं त्यांच्या बोटांनी झिजलेली होती. ती ओळ त्यांनी काढली होती, पण तिच्या जागी एक टिपण ठेवलं होतं, पुढच्या माणसासाठी: "इथे वाट पाहणं मी बंद केलं होतं. का केलं ते मला आठवत नाही. पुन्हा कुणी करू नये." खाली नावाची आद्याक्षरं. त्या फाइलमध्ये मला दिवसातून दहा वेळा जावं लागे. टिपण पुसणं माझ्या हातात होतं. पुसलं नाही. तेवढीही लायकी आपली नाही असं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला नंतर सापडली. कर्नलमधली ती व्यवस्था उठताना आधी स्वतःची परीक्षा घेते. एक ठरलेलं वाक्य कुलूपबंद करून बघते, उत्तर ठरल्यासारखं आलं तरच पुढे जाते, मग ते पुसून टाकते. दादूसांनी तिथे कोणतं वाक्य घातलं असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तेव्हा आमच्याकडे भारनियमन असायचं. दुपारी वीज जायची, परत यायची. आली की मागच्या खोलीत कुणाला ऐकू न येता ते वाक्य चाळीस वेळा म्हटलं जायचं आणि चाळीस वेळा पुसलं जायचं. मग दिवे एकेक करून लागायचे. मी दाराशी उभा राहून ते मोजत असे. चाळीस लागेपर्यंत मला जागेवर बसता येत नसे.

कंपनी पुढे बंद झाली. मी बेलापूरला नोकरी धरली, खांदा कॉलनीत घर घेतलं. सात-आठ वर्षांनी पनवेलच्या एसटी स्टँडवर कुणीतरी हाक मारली, "मास्तर!" दादूस होते. केस पिकलेले, हातात वही. शेजारी त्यांची बायको, भाजीची पिशवी घेऊन. मी काही बोलायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. "११.२०. स्टँडवर मास्तर भेटला. निळा शर्ट."

"हे काय, दादूस?"

"लिवून ठेवलं की बरं. नायतर उद्या म्हनेन, भेटलाच नाय." ते हसले. जो माणूस यादीचे तुकडे दोन टोपल्यांत टाकायचा, तो आता काहीच पुसत नव्हता.

ते तिकडे गाडीची चौकशी करायला गेले तेव्हा त्यांची बायको मला म्हणाली, "तीन डागतर झाले, भाऊ. सगळे म्हनतात काय नाय झालं, डोकं एकदम बरं हाय. ऐकत नाय. गॅस बंद केला, लिवतो. जेवला, लिवतो. कुनी काम दिलं तर घेत नाय. संगनकाला हात लावत नाय. तुमी सांगा ना. तुमचं ऐकतो तो."

मी "सांगतो" म्हणालो. एसटी आली, ते गेले, मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्या गिऱ्हाईक संस्थेने जुन्या पेट्या मोडीत काढल्या. तिथल्या ओळखीच्या माणसाने एक मला आणून दिली, आठवण म्हणून. एका रविवारी सकाळी घरी मी ती कोरी करून चालू केली. बायको बाहेर गेली होती. घर गप्प होतं. पेटीही गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कधी तळवा तिच्यावर ठेवला, कळलं नाही. पत्रा कोमट होता. आत ते वाक्य म्हटलं गेलं होतं, पुसलं गेलं होतं, आणि आता ती वाट पाहत होती. अकराव्या मिनिटाला मला स्वच्छ वाटलं की ती तळं भरायची वाट पाहत नाहीये. माझी पाहतेय. दिवा लागायच्या आत मी तार ओढली, पेटी पिशवीत घातली आणि निघालो.

खाडीकाठच्या त्या गावाजवळ आता खाडी दिसत नाही. मिठागरांवर भराव पडला आहे आणि त्यावर कंटेनरांच्या रांगा आहेत. मातीच्या त्या सपाटीत उघाडी मात्र तशीच उभी होती, दोन दगडी खांब आणि एक काळी फळी. अलीकडे माती, पलीकडे माती. मी तिच्याजवळून चालत गेलो. कानाला उगीच पाणी ऐकू येत राहिलं.

दादूस पडवीत बसले होते. पेटी पाहताच त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि पत्र्यावर टेकला. मग चटका बसल्यासारखा मागे गेला.

"वैनींना पण बोलवा," मी म्हणालो. त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. मी उभाच राहिलो.

"चार वाजता फोन आला होता, दादूस. तुम्ही लगेच निघालात. पाच वाजलेले नव्हते. ती ओळ चार चाळीसला मी लिहिली. तुमच्या जागेवर बसून. तुमच्या चपला माझ्या पायाखाली होत्या."

त्यांच्या आधी बायको बोलली. "मी तवाच सांगत व्हते!" तिचा आवाज चिरकला. "चार वाजता केला फोन, दूधवाला दारात व्हता. किती येला सांगलं! मना म्हनाला तुजी चूक व्हते. मास्तर खोटा नाय बोलनार."

दादूस उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, वह्या काढल्याचा, बऱ्याच. आले तेव्हा हातात सगळ्यात जुनी वही होती, पानं पिवळी पडलेली. त्यांनी पहिलं पान माझ्यासमोर धरलं.

"ओळ ४.४० ला लिवली. बायको म्हणते फोन चारला. मास्तर म्हणतो मी पाचनंतर निघालो. मास्तर खोटं कशाला बोलेल? म्हणजे मला आठवत नाही. आजपासून सगळं लिवायचं."

माझं वाचून झालं तरी त्यांनी वही खाली घेतली नाही. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. पेटीकडे पाहत होते.

"म्हंजे मी नाय लिवली," ते म्हणाले.

"नाही."

"मना आठवत नव्हतं, कारन मी लिवलीच नव्हती."

"हो, दादूस."

त्यांनी वही हळूच खाली ठेवली, पान उघडंच. पलीकडे कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनचा आवाज थांबला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. मला वाटलं, नेहमीचं वाक्य येईल. ते आलं नाही. खिशातून त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

"इथं खाली लिव," ते म्हणाले. "तुज्या हातानं. आनि ह्या येळेला नाव तुजं घाल."

मी जमिनीवर बसलो, वही मांडीवर घेतली आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: "फोन चारलाच आला होता. वहिनी खरं बोलत होत्या. ओळ मी लिहिली आणि खोटंही मीच बोललो. तुमचं डोकं तेव्हाही बरं होतं, दादूस. मला माफ करा." खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण.